पार्सल पोचलं नाही, गिऱ्हाईक तापलंय: घरून माल विकणाऱ्या नव्या विक्रेत्यांसाठी

सांगलीची हळद, तासगावचे बेदाणे, भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे. आपल्या भागातून घरबसल्या माल विकणारे आता बरेच झालेत. कुणी व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतं, कुणी इन्स्टाग्रामवर, कुणी अॅमेझॉन-मीशोवर. माल चांगला असतो आणि पॅकिंग लोक पटकन शिकतात. गाडी अडते ती पहिलं पार्सल न पोचता परत फिरतं तेव्हा. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे परत द्या. कुरिअरवाला म्हणतो, गिऱ्हाइकानंच घेतलं नाही. मधल्या मधे विक्रेता दोघांचंही ऐकतो, आणि मग चिडून काहीतरी लिहून बसतो जे पुढे त्याच्याच विरोधात वापरलं जातं.

दोन गोष्टी आधीच मनाशी पक्क्या करा. पार्सल नेमकं कुठं आहे हे कळेपर्यंत चूक कुणाची हा विषय काढायचा नाही. आणि न पोचलेल्या मालाचे पैसे आपले नसतात, ते गिऱ्हाइकाचे असतात. एवढं धरून चाललात तर निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं सगळं.

पायरी १: भांडण पत्त्यातच मिटवा

माझं स्पष्ट मत आहे की परत येणाऱ्या पार्सलांचं दुखणं पत्त्यात आणि फोन नंबरात असतं. आपल्याच जिल्ह्यात बघा. कवठेमहांकाळ वेगळं, तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद वेगळं आणि मिरज तालुक्यातलं कवठेपिरान वेगळं. गिऱ्हाईक नुसतं ‘कवठे, जि. सांगली’ लिहून मोकळं होतं. वाळवा गावाचं नाव आहे आणि तालुक्याचंही, शिवाय तालुक्याचं ठिकाण तिसरीकडेच, ज्याला कुणी इस्लामपूर लिहितं, कुणी ईश्वरपूर. त्यात ‘पाटील, वाळवा’ असा पत्ता आला तर डिलिव्हरीवाल्या पोरानं कुणाचं दार वाजवायचं?

पिनकोड गिऱ्हाइकानं लिहिलाय म्हणून तसाच उचलू नका. सहा आकड्यांतले शेवटचे तीन विशिष्ट पोस्ट ऑफिस दाखवतात. विटा ४१५३११ आणि तासगाव ४१६३१२, दोन्ही सांगली जिल्ह्यातच, पण सुरुवात वेगळी. म्हणजे ‘सांगली जिल्हा आहे, ४१६ च असणार’ हा अंदाज चालत नाही. पोस्टाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पिनकोड तपासता येतो. ऑर्डर आली की हे आधी करा.

मग गिऱ्हाइकाला एक मेसेज पाठवा. मी असा पाठवते:

“नमस्कार, तुमची ऑर्डर मिळाली. पत्ता असा लिहिलाय, एकदा वाचून घ्या: (पूर्ण पत्ता). जवळची खूण, म्हणजे शाळा, देऊळ, दूध डेअरी, काय लिहू? घरातला दुसरा एखादा नंबर मिळेल का? आणि पुढच्या चार-पाच दिवसांत तुम्ही गावातच आहात ना?”

शेवटचा प्रश्न सोडू नका. लोक ऑर्डर देतात आणि लग्नाला पुण्याला जातात. दुसरा नंबर तर मागाच मागा. रानात असलेल्या माणसाला रेंज नसते, घरी असलेल्या सासूबाई फोन उचलतात आणि पार्सल घेतात.

कॅश ऑन डिलिव्हरी देणार असाल तर या मेसेजला उत्तर आल्याशिवाय माल हलवू नका. शक्य असेल तर पाठवणीच्या खर्चाएवढी रक्कम आधी घ्या, बाकीची दारात. शंभर रुपये भरलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही. काही ऑर्डरी यामुळे जातील. मला त्या गेलेल्या बऱ्या वाटतात.

पायरी २: खर्च दोन्ही बाजूंचा मोजा

नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. कुरिअर नुसत्या वजनावर पैसे घेत नाही. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमधे घेऊन गुणाकार करायचा आणि साधारण ५००० ने भागायचं, येईल ते आकारमानाचं वजन. ते आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. एक किलो भडंग ३० × २५ × २० च्या खोक्यात भरलं तर गुणाकार १५,००० आणि वजन धरलं जातं ३ किलो. पार्सल परत आलं तर बहुतेक कुरिअर सेवांत परतीचा आकारही तुमच्याच खात्यातून कापला जातो. भडंगावरचा नफा तिथंच संपतो, आणि परत आलेलं भडंग मऊ पडलेलं असतं ते वेगळंच.

म्हणून खाण्याचा नाशवंत माल आणि हळदीसारखा टिकाऊ माल यांना एकच नियम लावू नका. हळद परत आली तर पुन्हा विकता येते. पेढे परत आले तर टाकूनच द्यायचे. पेढ्यासारख्या मालाला पूर्ण पैसे आधी, आणि पोचायला किती दिवस लागतील हे ऑर्डर घेतानाच सांगायचं.

तुमचे नियम चार ओळींत लिहा आणि पैसे घेण्याआधी पाठवा. पत्ता चुकीचा दिला किंवा कारण नसताना पार्सल नाकारलं तर पाठवणीचा खर्च वजा होईल, कुरिअरकडून हरवलं तर पूर्ण पैसे मिळतील किंवा माल पुन्हा पाठवला जाईल, असं साधं. नंतर सांगितलेला नियम हा नियम नसतो, गिऱ्हाइकाला ती पळवाट वाटते, आणि त्याचं चूक नाही.

पायरी ३: पॅक करताना पुरावा

वजनकाट्यावर ठेवलेलं बंद पार्सल, लेबल वाचता येईल असा फोटो. महाग माल असेल तर भरतानाचा सलग व्हिडिओ, मधे न तोडता. ऑर्डर नंबरच्या नावानं मोबाईलमधे फोल्डर. झालं.

पायरी ४: ट्रॅकिंग रोज सकाळी बघा

गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी तुम्हाला कळलं पाहिजे. पार्सल देता आलं नाही की कुरिअरच्या पॅनलवर नोंद पडते, तिला एनडीआर म्हणतात. त्यावर तुम्ही ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही तर पार्सल परतीच्या वाटेला लागतं. ही मुदत फार थोडी असते, तुमच्या सेवेची किती आहे ते आधी वाचून ठेवा. साधारण तीन वेळा प्रयत्न होतो, पण पहिल्या नोंदीलाच हालचाल केली तर पार्सल वाचतं. तिसऱ्या नोंदीनंतर केलेल्या धावपळीचा उपयोग क्वचित होतो.

नोंदीचं कारण नीट वाचा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. ‘पत्ता अपुरा’ असेल तर खूण आणि दुसरा नंबर टाकून लगेच पुन्हा पाठवायला सांगा. ‘गिऱ्हाईक उपलब्ध नाही’ असेल तर आधी गिऱ्हाइकाला विचारा. ‘नंतर द्या म्हणाले’ असेल तर तारीख खरंच कुणी दिली हे विचारा. ‘घेण्यास नकार’ असेल तर सर्वांत आधी फोन उचला.

खरं सांगायचं तर ‘उपलब्ध नाही’ ही नोंद नेहमी खरी नसते. दिवस संपत आलेला असतो, डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत पार्सलं उरलेली असतात, जत किंवा आटपाडीकडच्या एखाद्या वाडीवर एका पार्सलासाठी जाणं त्याला परवडत नाही. गिऱ्हाईक दिवसभर घरात बसून असतं आणि तुम्ही त्याला म्हणता, “तुम्हीच नव्हता.” तिथून गिऱ्हाईक अवघड होतं. त्याला आपणच अवघड केलेलं असतं. त्या दिवशीच्या मिस्ड कॉलचा स्क्रीनशॉट गिऱ्हाइकाकडून मागा. फोन आलाच नसेल तर तो स्क्रीनशॉट कुरिअरच्या तक्रारीला जोडा. आता तुम्ही आणि गिऱ्हाईक एका बाजूला आलात.

पायरी ५: तापलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं

“आमच्याकडून माल गेलाय, आता कुरिअरला विचारा.” हे वाक्य कधीच वापरू नका. कुरिअरशी व्यवहार तुमचा आहे. गिऱ्हाइकानं पैसे तुम्हाला दिलेत आणि कुरिअरचा माणूस त्याचं ऐकणारही नाही.

माणूस ओरडत असेल तर त्याला ओरडू द्या, मधे तोडू नका. ताई, दादा, काका, जे तोंडात बसेल ते म्हणा, पण ‘मॅडम, तुम्ही समजून घ्या’ हे टाळा. समजून तुम्ही घ्यायचंय. मग तीनच गोष्टी सांगा: पार्सल आत्ता कुठं आहे, तुम्ही काय केलंत, आणि पुढचं कधी कळवाल. फोन ठेवला की तेच मेसेजमधे लिहून पाठवा:

“ताई, आत्ता बोलल्याप्रमाणे: पार्सल मिरजेच्या हबवर आहे. उद्या पुन्हा पाठवायला कुरिअरला सांगितलंय, तक्रार नंबर सोबत देते. उद्या संध्याकाळी सहापर्यंत मी स्वतः कळवते. तोवर मिळालं नाही तर माल पुन्हा पाठवायचा की पैसे परत, हे तुम्ही सांगा.”

आणि सहा वाजता कळवा. काही नवीन नसेल तरी कळवा, “अजून हबवरच आहे” एवढं. गिऱ्हाईक विलंबापेक्षा गप्प बसण्यानं जास्त भडकतं.

काही जण पार्सल वाटेत असतानाच आत्ताच्या आत्ता पैसे मागतात. इथं ठाम राहा. पार्सल तुमच्याकडे परत यायला निघालंय किंवा हरवल्याचं कुरिअरनं मान्य केलंय, यांपैकी एक झाल्यावर पैसे, अशी तारीख द्या. मात्र तुम्ही सांगितलेली मुदत उलटून गेली असेल तर कुरिअरच्या चौकशीचं कारण पुढे करून गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका. चौकशी तुमची चालू राहू दे, पैसे त्याचे देऊन टाका.

पायरी ६: ‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, पण हातात नाही

हा सर्वांत नाजूक प्रकार. गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं मनात येतं. तसं बोलून दाखवू नका. आधी विचारा: शेजारी, दुकानात, सोसायटीच्या वॉचमनकडे, घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलंय का? गावात पार्सल सर्रास नाक्यावरच्या किराणा दुकानात ठेवून जातात. बहुतेक वेळा ते तिथंच सापडतं.

सापडलं नाही तर कुरिअरकडे डिलिव्हरीचा पुरावा मागा: सही, फोटो, ओटीपी, ठिकाण. ओटीपी घेऊन दिलेलं असेल तर तो कुणी सांगितला हे गिऱ्हाइकाला शांतपणे विचारता येतं. पुरावा म्हणून कुणाचीतरी ओढलेली रेघ आली तर तक्रार लगेच लेखी करा, कारण दावा करायची मुदत करारात दिलेली असते आणि ती उलटली की कुणी दाद देत नाही. महाग मालाला ओटीपीवर डिलिव्हरी हा पर्याय असेल तर घ्याच.

अॅमेझॉन-मीशोसारख्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर तिथली वेगळी वाट आहे. परत आलेला माल बदललेला किंवा फुटका असेल तर अॅमेझॉनवर सेफ-टी नावाचा दावा करता येतो, इतर ठिकाणीही तसे दावे आहेत. तिथं भावनेला किंमत नाही, पायरी ३ मधल्या फोटोला आहे.

पायरी ७: परत आलेलं पार्सल

पार्सल आलं की आधी बाहेरून सगळ्या बाजूंचा फोटो घ्या, मग व्हिडिओ चालू करून उघडा. लेबल दिसलं पाहिजे, टेप कापताना दिसली पाहिजे, आतला माल बाहेर काढताना दिसला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या हळदीच्या पार्सलात मी सगळ्यात आधी टेप बघते. मूळ टेपवर दुसरी टेप चिकटवलेली असली की वजन करायचं, आणि पाठवतानाच्या फोटोतल्या वजनाशी ताडायचं. फरक पडला तर माल आवरून ठेवू नका, जसाच्या तसा ठेवून तक्रार करा. डिलिव्हरीवाला उभा असतानाच खोकं फाटलेलं दिसलं तर घेताना तसा शेरा लिहूनच सही करा.

आत सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळवा आणि पैशांचा हिशोब पाठवा.

पायरी ८: पैसे परत करताना डोळे उघडे

पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत करायचे. ऑर्डर एका नंबरवरून, पैसे दुसऱ्याकडून आणि परतावा तिसऱ्याच यूपीआयवर मागितला तर थांबा. परतावा केल्यावर १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, गिऱ्हाइकाला पाठवा, तो असला की ‘आलेच नाहीत’ हा वाद बँकेत मिटतो.

इथं चोरही फिरतात. नेहमीचा प्रकार: “माझ्याकडून चुकून तुम्हाला जास्त पैसे आले, हा स्क्रीनशॉट, फरक पाठवा.” स्क्रीनशॉट बघू नका, मेसेजही बघू नका, बँकेच्या अॅपमधे जमा रक्कम बघा. दुसरा प्रकार, “हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथं वेळेला किंमत आहे.

पायरी ९: धमकी, रिव्ह्यू आणि ग्राहक मंच

“ग्राहक मंचात जातो” म्हणणाऱ्याला “जा खुशाल” म्हणू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे गिऱ्हाईक स्वतः राहतं त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतं. नागपूरच्या माणसानं तिथं तक्रार केली तर सांगलीहून तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्याला फीसुद्धा नाही. त्याआधी बरेच जण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतात. तिथून विचारणा आली तर ती टाळू नका, उत्तर द्या.

मार्केटप्लेसवर विकणाऱ्यांना ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचलेला माल परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘तीन दिवसांत घरपोच’ असं लिहायचा मोह आवरा. पाच ते आठ दिवस लिहा आणि चौथ्या दिवशी पोचवा.

“फुकट माल द्या नाहीतर एक स्टार देतो” म्हणणाऱ्याला फुकट देऊ नका. त्याचा मेसेज जपून ठेवा, मार्केटप्लेसवर असाल तर तिथं कळवा. खराब रिव्ह्यू आलाच तर त्याखाली दोन ओळींत तारखांसकट काय झालं ते लिहा. वाचणारी माणसं विक्रेत्याचं उत्तर बघूनच ठरवतात.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. पार्सल नाकारणाऱ्यांची नावं, नंबर, पत्ते विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकायची पद्धत पडलीय. ती सोडा. त्या माणसानं पत्ता हळद पोचवण्यासाठी दिला होता. त्यातली काही नावं कुरिअरच्या खोट्या शेऱ्यामुळं आलेली असतात, आणि बदनामीचा दावा झाला तर तो तुमच्यावर होईल. यादी स्वतःच्या वहीत ठेवा. पुन्हा त्याच नंबरवरून ऑर्डर आली तर नम्रपणे पूर्ण पैसे आधी मागा.

पायरी १०: पावसाळ्याचं वेगळं गणित

२०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैमधे ज्यांनी कृष्णेचा पूर बघितलाय त्यांना सांगायला नको. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी बघायला लागा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पाणी चाळिशीकडे निघालं की नवीन माल पाठवायचा थांबवा, आणि वाटेत असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी विचारण्याआधी मेसेज करा. बाहेरगावच्या माणसाला सांगलीत पाणी आहे हे माहीत नसतं, सांगितलं की तो उलट तुमची विचारपूस करतो. हळद-बेदाणे तर पावसाळाभर आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करूनच खोक्यात घाला.

पायरी ११: वही

परत आलेल्या प्रत्येक पार्सलापुढे पिनकोड, कुरिअर आणि कारण लिहा. काही महिन्यांत चित्र दिसायला लागतं. एखाद्या पिनकोडला एकाच कुरिअरची पार्सलं सारखी परत येत असतील तर दोष गिऱ्हाइकांचा नाही, तिथं कुरिअर बदला. पाटणच्या डोंगरातल्या वाड्या, माण-खटावची आतली गावं, शिराळ्याची वरची बाजू, इथं मी सरळ पोस्टानं पाठवते. पोस्टमन गावाला ओळखतो. रजिस्टर पोस्ट २०२५ मधे स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळं खिडकीवर स्पीड पोस्टच मागा. पावतीवरचा १३ अक्षरी नंबर, पुढे दोन अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी आयएन, त्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाठवा. सोबत त्याच्या पोस्ट ऑफिसचं नाव लिहा, म्हणजे पोस्टमन चुकला तर गिऱ्हाईक स्वतः जाऊन पार्सल घेऊन येईल.